माट्टीचं कपाट आणि सहावा बोल्ट

सहावं भोक मारताना ड्रिल एकदम आत गेलं. आधीच्या पाचांनी घाम काढला होता, लाल पूड नाकातोंडात गेली होती. आणि हे सहावं म्हणजे पिकल्या पपईत सुरी. मी ड्रिल बंद केलं आणि स्टुलावरून खाली पाहिलं. बाबल पट्टी धरून उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि लगेच मान खाली घातली.

मी पेडण्याचा मेस्त. मेस्त म्हणजे आमच्याकडे सुतार. बाबल माझा जोडीदार, वयाने माझ्याहून मोठा, बोलायला कमी. गोवा वेगळं राज्य झालं त्याच्या एक-दोन वर्षांनंतरची ही गोष्ट. साइट म्हणजे मांद्र्याच्या वाटेवरचं एका रिटायर्ड हेडमास्तरांचं घर. मराठी शाळेत त्यांची हयात गेली, म्हणून सगळा गाव त्यांना मास्तरच म्हणायचा. त्यांच्याकडे सात ट्रंका भरून पुस्तकं होती. त्यातल्या दोन ट्रंकांत नुसती भाषावादाची कात्रणं. कोंकणीवाले आणि मराठीवाले, दोघांचीही. बाहेर ज्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं ते या घरात एका फळीवर गुण्यागोविंदाने उभे राहणार होते.

ऑर्डर देताना मास्तर म्हणाले होते, "मेस्ता, कपाट भिंतीर जाय. खाली जागा मोकळी रवाक जाय."

खाली जागा मोकळी हवी हे, मला वाटलं, वाळवीच्या भीतीने म्हणतात. पावसाळ्यात जमिनीतून ओल चढते, पुस्तकं बुरसतात, तेही असेल. मी काही विचारलं नाही. वही काढली आणि मापं घेतली.

लाकूड त्यांचंच होतं. बागायतीतलं एक माट्टीचं झाड वादळात पडलं होतं, त्याच्या फळ्या कापून चार वर्षं गोठ्यात रचून ठेवल्या होत्या. माट्टी म्हणजे घाटावर ज्याला ऐन म्हणतात ते. दिसायला देखणं, गडद तपकिरी, वर काळ्या रेघा. पण स्वभावाने अगदी वाईट. याच्या रेषा सरळ जात नाहीत, एक पट्टा इकडे तर दुसरा तिकडे. रंधा एका बाजूने गुळगुळीत करतो आणि वीतभर पुढे गेला की सालपटं उपटतो. रंध्याचं पातं दर थोड्या वेळाने घासावं लागतं. खिळा तर वाकतोच. स्क्रूसाठी आधी भोक पाडायचं, स्क्रूला साबण लावायचा, आणि तरीही डोकं तुटून हातात येणार. शिवाय लोखंडासारखं जड. तयार कपाट सात फूट लांब झालं, तीन फळ्यांचं, आणि ते टेम्पोत चढवायला चार माणसं लागली.

असं कपाट भिंतीवर कसं धरायचं? पाठीला वर एक आणि खाली एक अशा दोन जाड आडव्या पट्ट्या ठेवायच्या आणि त्यांतून भिंतीत बोल्ट घ्यायचे. वर तीन, खाली तीन. खालचे बोल्ट बरेचसे आधाराला असतात. पुढे झुकणाऱ्या कपाटाची खरी ओढ वरचे घेतात. आणि माझं सहावं भोक वरच्या ओळीतलं होतं, उजव्या टोकाचं.

भिंत चिऱ्यांची. चिरा म्हणजे आपला लाल जांभा दगड. जुन्या घरात चिरे मातीत बसवलेले असतात आणि वरून चुन्याचा गिलावा. गिलाव्यामुळे चिरा कुठे संपतो आणि सांधा कुठे लागतो ते कळत नाही. माझं ड्रिल बरोबर सांध्यात गेलं होतं. आत मातीचं पीठ झालं होतं.

खरं तर भोक वीतभर सरकवायला हवं होतं. पण मग माट्टीच्या पट्टीतही नवं भोक पाडायला हवं. ड्रिलचे दात गेले होते, लाइट जा-ये करत होती, आणि मास्तर खुर्ची टाकून समोर बसले होते. मी लाकडाची खुंटी तासून भोकात ठोकली, कडेने सिमेंट भरलं, बोल्ट आवळला. हाताला घट्ट लागला.

"पाच आसत मरे," बाबल हळूच म्हणाला. "एक नासलो म्हणून काय जाता?"

त्याला काय जात होतं! सिमेंट सुकल्यावर दोन दिवसांनी आम्ही पुस्तकं लावली. मास्तर उठून जवळ आले. कपाटावरून त्यांनी हात फिरवला.

"घट्ट आसा मां, मेस्ता?"

"म्हस बांधा हाका, मास्तर. हालाची ना."

म्हैस बांधा म्हणालो, तरी हलणार नाही! माणूस घाबरला की मोठं बोलतो. मी तरी बोललो. मास्तर खूष होऊन हसले आणि आत हाक मारून काकींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, चहा सांगितला. 

त्यानंतरचे चार आठवडे मी काय भोगलं ते माझं मला ठाऊक. मांद्र्याच्या बाजूला काम नसलं तरी मी सायकल तिकडे वळवायचो. पॉलिश सुकलं का बघतो, असं काहीतरी निमित्त सांगून स्टुलावर चढायचं आणि खिशातलं पोस्टकार्ड काढून वरच्या उजव्या कोपऱ्यात पट्टी आणि भिंत यांच्या मधे सरकवायचं. पहिल्या खेपेला कार्ड गेलं नाही. दुसऱ्या खेपेलाही नाही. तिसऱ्या खेपेला कार्डाचा कोपरा आत गेला.

त्या दिवशी सांगायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं. पण काकींनी गरम उंडे, म्हणजे आमच्याकडचे पाव, आणि भाजी पुढे ठेवली, मास्तर एक जाडजूड पुस्तक काढून त्यातलं काहीतरी वाचून दाखवायला लागले, आणि मी मुकाट्याने खाल्लं. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आठवड्यावर आली होती. चवथीआधी मेस्ताकडे सगळ्या गावाचं काम असतं, कोणाचा चौरंग, कोणाचं दार. मनाला म्हटलं, चवथ होऊ दे, मग बघू. झाकली मूठ सव्वा लाखाची.

चवथीच्या दिवशी दुपारी, घरची पूजा आणि जेवण आटोपल्यावर, मी मास्तरांकडे दर्शनाला गेलो. दारातूनच दिसलं आणि पाय तिथेच थांबले.

गणपती कपाटाच्या खाली बसला होता.

खाली मोकळी जागा कशाला हवी होती ते मला तेव्हा कळलं. त्या घरचा गणपती तीन पिढ्या त्याच भिंतीशी बसतो. मी गोंयकार, जन्म पेडण्यातला, आणि घरात पाय ठेवल्यावर गणपती कुठे बसतो एवढं विचारलं नव्हतं. पण खरी धडकी त्याने भरली नाही. धडकी भरली माटोळीने.

चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला फळं बांधतात, ती माटोळी. नारळांचा लोंगर, पोफळीचे घोस, केळ्यांचा घड, भोपळा, तवशी म्हणजे काकड्या, रानातली फळं. ही चौकट आढ्याच्या तुळईला दोरांनी बांधायची असते. त्या वर्षी भिंतीकडची तुळई वाळवीने खाल्ली होती म्हणून उन्हाळ्यात काढून टाकली होती. मग मागचे दोन दोर कुठे बांधायचे? माझ्या कपाटाला बांधले होते. एक डाव्या टोकाला, एक उजव्या.

"ये, मेस्ता!" मास्तर सोवळ्यातच पुढे आले. "तुजी म्हस बांधली रे आमी!"

सगळे हसले. त्यांचा पुतण्या गुरुदास, ज्याने माटोळी बांधली होती, तोही हसला. काकी आणि दोन पाहुण्या बायका गणपतीसमोर चटईवर बसून दुर्वा निवडत होत्या, बरोबर कपाटाखाली. मी वर पाहिलं. पोस्टकार्डाची गरज नव्हती. उजव्या कोपऱ्यात काळी फट दिसत होती, बोट जाईल एवढी.

मी चपला काढल्या का नाही आठवत नाही. आत जाऊन उजव्या टोकाखाली उभा राहिलो. कपाटाचा तळ माझ्या डोक्याला टेकत होता. खांद्यावरचा पंचा घडी करून डोक्यावर ठेवला आणि भार घेतला.

"मास्तर, हाच्या पोंदा कोणाक बसयू नाकात. वयलो उजवो बोल्ट धरूंक ना."

"केन्नापसून?" मास्तरांनी विचारलं.

"बसयलो त्या दिसापसून. माका ठावक आसलां."

बोल्टाने पहिल्या दिवसापासून धरलंच नव्हतं आणि ते मला ठाऊक होतं, एवढं एकदाचं बोलून झालं. बायका उठून बाजूला झाल्या. मास्तर माझ्या समोर येऊन उभे राहिले. शाळेत त्यांच्या हातचा मार खाल्लेली माणसं अजून त्याच्या गोष्टी सांगतात. त्या घटकेला मला मार परवडला असता.

"तुका ठावक आसलां," ते हळू म्हणाले, "आनी तू म्हस बांधा म्हणालंस."

"होय."

गुरुदास कोयती घेऊन आला. दोर कापतो म्हणाला. काकींनी त्याचा हात धरला. "बांधलेली माटोळी मधीच सोडची न्हय." मूर्ती सरकवावी तर तेही नाही. एकदा पूजा झाली की विसर्जनापर्यंत देव जागचा हलवायचा नसतो. पुस्तकं उतरवावी तर माटोळी आडवी, आणि कपाटाला धक्का लागणार. वरून लोड काढता येत नाही, खालून देव काढता येत नाही. उरला टेकू. मी कपाटाच्या तळापासून जमिनीपर्यंतचं माप हाताच्या वितींनी सांगितलं आणि गुरुदास बागायतीत पडलेली पोफळ तोडायला धावला.

आणि नेमके तेव्हाच अंगणातून घुमटाचे आवाज आले. वाड्यावरची माणसं घरोघरी आरत्या करत आली होती, पंचवीसेक जण तरी. घुमट म्हणजे चामडं ताणलेलं मडकं, शामेळ म्हणजे काठ्यांनी वाजवायचा लहान नगारा, आणि झांजा. ही माणसं आत येऊन एकदा ठेका धरायला लागली की जमीन हादरते. माझ्या मानेला कळ लागली होती आणि माट्टीचं ते धूड डोक्यावर आणखी आणखी जड होत होतं. मला खरंच वाटलं, आता हे जाणार, देवावर जाणार, आणि पेडण्यात मी पुन्हा तोंड दाखवू शकणार नाही.

मास्तर दारात जाऊन उभे राहिले. "आज आरती हयसरच. सोप्यार."

"देव आंत आनी आमी भायर?" कोणीतरी म्हातारा म्हणाला. "ह्या घरांत असां केन्ना जाला ना, मास्तर."

"जाला ना, खरां. माज्या कपाटाचो बोल्ट सैल आसा. जोखीम घेवची न्हय."

माझ्या कपाटाचा, म्हणाले. मेस्ताचा नाही. त्या एका शब्दाने मला रडू आलं. हात वर, मान ताठ, डोळे पुसायचीही सोय नव्हती. दारातून डोकावणाऱ्यांना गणपतीशेजारी कपाटाखाली उभा राहून रडणारा मेस्त दिसला. पुढे बरीच वर्षं लोक माझ्या भक्तीबद्दल बोलत.

आरती सोप्यावर झाली. नेहमीपेक्षा लहान आणि जरा अवघडलेली. ती संपेपर्यंत गुरुदास पोफळीचे दोन सोट घेऊन आला. दोन्ही टोकांखाली उभे केले, मी मान न हलवता पाचरी ठोकायला सांगितल्या, आणि मगच बाहेर आलो. काकींनी त्या सोटांना आंब्याचे टाळे, म्हणजे डहाळ्या, बांधले. आलेल्यांना वाटलं, यंदाची नवी सजावट.

दीड दिवसाचा गणपती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचवला. तिसऱ्या दिवशी सकाळीच मी आणि बाबल गेलो, पुस्तकं उतरवली, कपाट खाली घेतलं. सहावा बोल्ट मी दोन बोटांनी ओढला. खुंटीसकट बाहेर आला. बाकीचे पाच जागचे हलले नव्हते. कपाट खरोखर पडलं असतं का? मला आजही ठाऊक नाही. बाबल म्हणतो नसतं. बाबलच्या डोक्यावर ते नव्हतं.

या खेपेला भोक सरकवलं. पट्टीत नवं भोक पाडायला अर्धा दिवस गेला. सहाही बोल्ट भिंतीतून आरपार नेले आणि पलीकडे स्वैंपाकघरात लोखंडी पट्ट्या लावून आवळले. मास्तर खुर्ची टाकून समोर बसले होते. शेवटचा बोल्ट झाल्यावर त्यांनी पूर्वीसारखंच विचारलं, "घट्ट आसा मां?"

मी म्हटलं, "पुस्तकांक घट्ट आसा. आनीक काय टांगूचां आसल्यार आदीं माका सांगा."

त्यांनी मान हलवली. आठ दिवसांनी गेलो तेव्हा काकींनी स्वैंपाकघरातल्या पट्ट्यांना कालथे आणि झारा टांगला होता.

पुढच्या वर्षी चवथीच्या आदल्या दिवशी मास्तरांचा निरोप आला, माटोळी तू येऊन बांध. गेलो. त्याच्या पुढच्या वर्षीही आला. तोवर नवी तुळई बसली होती, कपाटाचा संबंध उरला नव्हता. तसं म्हणून पाहिलं. "बोल्टार माजो विश्वास आसा," मास्तर म्हणाले, "पूण तू वर चढून बांधलंस की माका खाली बसाक बरां दिसता." ते होते तोवर दर वर्षी मी गेलो. माझ्या घरची माटोळी बायको बांधायची आणि वर्षभर त्यावरून ऐकवायची.

माट्टीचं काम कठीण, असं मी नव्या मेस्तांना अजून सांगतो. पण त्या कपाटात लाकडाने मला काही दगा दिला नाही. मला एक वाक्य बोलायचं होतं. श्रावणात बोललो असतो तर अर्ध्या दिवसाचं काम होतं. चवथीला बोललो, तेव्हा देव आत होता आणि पंचवीस माणसं बाहेर.