शेंदराखालचा गधेगाळ

नगरा मोहल्ल्यातले विश्वंभरजी तसे महाभित्रे. गल्लीत कुत्रं आडवं आलं तरी वाट बदलणार. पण जुना शिलालेख दिसला की या माणसाची अक्कल गहाण पडायची, त्याला काय करणार! रेल्वेच्या कारकुनीतून सुटल्यापासून बुंदेलखंडातले दगड वाचत हिंडायचं, हाच उद्योग.

त्या दिवशी बबीना गावाच्या वाटेवर एका बांधावर शेंदूर थापलेली देवी दिसली. कडेला दोन अक्षरं डोकावत होती. "आधी गावात विचारा हो," असं बायकोनं, शशिकलाबाईंनी, शंभरदा बजावलेलं. पण एवढा धीर कुणाला? कागदावर छाप घ्यायचा तर दगड साफ हवा. त्यांनी ओला ब्रश फिरवला, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर खपलीसारखा गळून पायाशी पडला.

खाली देवी नव्हतीच. गाढव होतं, आणि त्याच्याखाली बाई. अहो, गधेगाळ! दान दिलेली जमीन जो बळकावेल त्याच्या आईला दगडात कोरलेली शिवी. खाली सालासकट अख्खा लेख. असा दगड इकडे मिळावा म्हणून त्यांनी वीस वर्षं पायपीट केली होती.

"ए! मैया कौ जौ का कर दओ?"

मागे पाच-सहा गावकरी. एकाच्या हातात कुऱ्हाड. विश्वंभरजींनी ब्रश पाठीमागे लपवला. खरं सांगावं, तर यांच्या आज्या-पणज्यांनी शिवीला नवस बोलले म्हणायचं! जिवंत सोडतील?

एक म्हातारी पुढे झाली. "का लिखो है, पंडज्जी?"

गाढव शीतळेचं वाहन, हे देवाच्या कृपेनं आठवलं. "शीतला मैया हैं, अम्मा," ते म्हणाले. "गधे पर बैठी हैं."

"पर मैया तो नैचें हैं," कुऱ्हाडवाला गाढवाखालच्या बाईकडे बोट दाखवत गुरकावला.

विश्वंभरजींनी दगडावरून बोट फिरवलं. "पत्थर... घिस गया है, भैया."

म्हातारीनं हात जोडले, तशी कुऱ्हाड खाली आली. तिनं तेलात कालवलेला शेंदूर मागवला. "तुमई ने उतारो, सो तुमई चढ़ाओ."

छाप घ्यायचा राहिला होता. हात फोनकडे गेला, तसा कुऱ्हाडवाला खेकसला, "फोटू नईं!"

त्यांनी गाढव झाकलं, मग बाई. लेखापाशी आले तेव्हा सालाचा शेवटचा आकडा अजून लागला नव्हता. वाकून बघायची छाती झाली नाही. त्यावरही शेंदूर थापताना त्यांना रडूच कोसळलं.

"देखो," म्हातारी कौतुकानं म्हणाली, "कैसी भगती है!"