कॅमेऱ्यावरची टिकली

"आमच्या घरात भूतबित मानत न्हाईत, जाधव. तुम्ही फक्त या आणि पोरीसमोर एवढंच सांगा, की कॉम्प्युटरात काही न्हाई. तुम्ही इंजिनियर माणूस. तुमचं ऐकंल ती."

फोनवर अहमदपूरचे कांबळे गुरुजी होते. मी इंजिनियर नाही, हे त्यांना इतक्या वर्षांत कधी पटलेलं नाही. नांदेडला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गुरुजी नांदेडला नोकरीत होते तेव्हा त्यांच्या शाळेचे कॉम्प्युटर मीच बघायचो. रिटायर होऊन ते गावी गेले, तरी मशीन घ्यायचं म्हटलं की फोन मलाच.

"सांगतो की," मी म्हणालो. "पण आता काय झालंय?"

"सोमवारी लातूरला मनाच्या डॉक्टरकडं नंबर लावलाय. त्याच्या आधी एकदा तुमच्या तोंडून ऐकू द्या तिला. न्हाई सुधरली तर परीक्षा बंद अन् कॉम्प्युटरबी बंद."

ती म्हणजे प्रज्ञा, गुरुजींची एकुलती एक. पंचवीस वर्षांची. एमपीएससीची पूर्व परीक्षा पास झालेली आणि मुख्य परीक्षा महिना-दीड महिन्यावर आलेली. त्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं. गुरुजींनी ही बातमी मला फोन करून सांगितली होती, आणि मुलाखतीच्या सरावाला लागेल म्हणून कॅमेऱ्यासकट नवा डेस्कटॉप माझ्याकडूनच नेला होता.

मशीन बसवायला मी स्वतः अहमदपूरला गेलो होतो. गुरुजी चौकस. त्यांनी विचारलं, "ॲन्टिव्हायरस कुठलं चांगलं?" मी म्हणालो, "ते माझ्यावर सोडा." खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि दहा मिनिटांत नावाजलेलं ॲन्टिव्हायरस टाकून दिलं. कोपऱ्यात हिरवी खूण आली. "ही हिरवी असली की निवांत झोपायचं," मी म्हणालो. तेव्हा मला स्वतःचं कौतुकच वाटलं होतं.

त्या पेनड्राइव्हबद्दल सांगायला हवं. त्यात होतं ते क्रॅक केलेलं ॲन्टिव्हायरस. म्हणजे लायसनचं कुलूप कुणीतरी तोडून फुकट वाटलेलं. मला ते आम्हा दुरुस्तीवाल्यांच्या एका ग्रुपवर मिळालं होतं. ते टाकायची एक रीत असते. कॉम्प्युटरसोबत जो मूळचा पहारेकरी येतो, म्हणजे त्याच्या आतलंच ॲन्टिव्हायरस, त्याला आधी बंद करायचं, नाहीतर तो क्रॅकला पकडतो. पकडतो म्हणजे त्याला काहीतरी दिसत असणार, एवढा साधा विचार मी कधी केला नाही. सगळेच करत होते, मीही करत होतो.

दोन महिन्यांनी प्रज्ञा म्हणायला लागली, की दुपारी कुणीतरी आपल्या नोट्स वाचतंय. माऊसला हात न लावता पानं सरकतात. कॅमेऱ्याचा बारीक दिवा लागतो आणि विझतो. गुरुजींनी मला फोन केला. मी विचारलं, "हिरवी खूण आहे का?" ते म्हणाले, "हाय." मी म्हणालो, "मग काही नाही." फोन स्पीकरवर होता. माझं ते एक वाक्य त्या घरात किती वापरलं गेलं, हे मला नंतर कळलं.

प्रज्ञानं मग कपाळाची टिकली काढून कॅमेऱ्यावर चिकटवली. दुसऱ्या दिवशी ती घाबरीघुबरी होऊन स्वयंपाकघरात आली. स्क्रीनवर नोटपॅड उघडलं होतं आणि त्यात रोमन अक्षरांत हिंदी लिहिलं होतं, बिंदी माथे पे ही अच्छी लगती है. गुरुजींनी ते वाचलं आणि ठरवलं, की पोरीनं हे स्वतःच लिहिलं.

मी पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. एप्रिलचं ऊन, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. दारातच गुरुजी म्हणाले, "जय भीम, या." आणि हळू आवाजात, "तिच्या आईनं दर्ग्यावरून धागा आणून बांधला होता हाताला. मी कात्रीनं कापला. ही थेरं आपल्या घरात चालायची न्हाईत."

प्रज्ञाच्या आई पाणी घेऊन आल्या. माझ्याकडे अशा बघत होत्या, की मी काहीतरी वेगळं सांगावं.

प्रज्ञा मागच्या खोलीच्या दारात उभी होती. वाळली होती. मशीन बसवलं तेव्हा तिनं मला माऊस कसा स्वच्छ करायचा इथपासून सगळं विचारलं होतं. आज तिनं एकदाच तोंड उघडलं.

"काका, मी काही सांगणार न्हाई. मी सांगितलं की सगळे माझ्याकडंच बघतात. तुम्ही टिकली काढा अन् अर्धा तास एकटे बसा. मी बाहेर बसते."

खोलीत कूलर चालू होता. भिंतीवर तिचं वेळापत्रक, टेबलावर वह्यांची चळत. मी टिकली काढून टेबलाच्या कडेला लावली. खूण हिरवीगार. स्कॅन लावलं. सगळं ठीक, शून्य धोका. खरं सांगतो, मी मनात वाक्य जुळवायला लागलो होतो. "बेटा, अभ्यासाचा ताण असतो," असं काहीतरी. साडेतीनची एसटी मिळाली तर बरं, हाही विचार होताच.

अडीचच्या सुमारास दिवा लागला.

कॅमेऱ्याच्या बाजूचा तो ज्वारीच्या दाण्याएवढा दिवा. कॅमेरा लागेल असं मी काहीही उघडलं नव्हतं. माझे दोन्ही हात मांडीवर होते. दिवा लागून राहिला. मी त्याच्याकडे बघत होतो आणि तिकडून कुणीतरी माझ्याकडे बघत होतं.

मग नोटपॅड उघडलं. अक्षरं एकेक करून उमटायला लागली. मध्ये थांबत, एखादं खोडत. माणूस लिहितो तशीच.

आज दीदी कहां है

बावीस वर्षं मी मशीनं उघडून बसतोय. हे काय आहे ते मला कळायला हवं होतं, आणि पुढच्या मिनिटाला कळलंही. पण त्या घडीला मला काही सुचेना. कूलरचं वारं अंगावर येत होतं आणि मला घाम फुटला होता.

तू कौन है

बुलाओ उसको

मागं कुणीतरी दीर्घ श्वास घेतला. वळून बघितलं तर दारात गुरुजी. चहाला बोलवायला आले होते. चष्म्यातून ते स्क्रीनकडं बघत होते आणि माझे हात अजूनही मांडीवरच होते, हेही त्यांनी बघितलं. मी उठलो आणि भिंतीवरच्या डब्यातून नेटची वायर ओढून काढली. दिवा विझला. अर्धवट राहिलेला एक शब्द तसाच स्क्रीनवर राहिला.

"हे काय हाय, जाधव?" गुरुजींचा आवाज पार खाली गेला होता.

मी सांगितलं. याला रिमोट ॲक्सेस म्हणतात. दूर बसलेला माणूस तुमचं मशीन स्वतःचं असल्यासारखं वापरतो. कामाच्या ठिकाणी मीही रोज वापरतो, समोरच्याला विचारून. पण हे लपून बसवलेलं आहे. तो बघू शकतो, ऐकू शकतो, लिहू शकतो. यात भूत नाही आणि पोरीचा भासही नाही. कुठल्यातरी गावात खुर्चीवर बसलेला जिवंत माणूस आहे.

प्रज्ञा आत आली होती. ती स्क्रीन वाचत होती. रडली वगैरे नाही. टेबलाच्या कडेला हात टेकून नुसती उभी राहिली.

मी शोधायला बसलो. कुठला प्रोग्राम कधी आला, याची नोंद मशीन ठेवतं. तो लपलेला प्रोग्राम सापडला. त्याची तारीख बघितली, वेळ बघितली. माझ्या ॲन्टिव्हायरसचीच तारीख, आणि वेळही तीच. दोघं एकाच पिशवीतून आले होते. हिरवी खूण म्हणजे नुसतं चित्र होतं. शेवटचं अपडेट कधी झालं ते मी पहिल्यांदाच उघडून बघितलं. एकदाही झालं नव्हतं.

"पण आलं कुठून?" गुरुजींनी विचारलं.

आणि मी खोटं बोललो. "नेटवर काहीही येतं, गुरुजी. एखादी लिंक दाबली गेली असेल."

गुरुजी लगेच पोरीकडं वळले. "सांगत होतो ना तुला? काय दाबलंस?"

"मी काही दाबलं न्हाई," प्रज्ञा म्हणाली. "बाबा, मी क्लास सोडून काही उघडतच न्हाई."

"मग आपोआप आलं का?"

तिचा तो चेहरा मला बघवेना. इतके दिवस ती एकटी खरं बोलत होती, आणि आता पुरावा समोर असतानाही मी तिला पुन्हा त्याच जागी उभं करत होतो. मला स्वतःची लाज वाटली, दुसरा शब्द नाही त्याला.

"तिनं नाही आणलं," मी म्हणालो. "मी आणलं. माझ्या पेनड्राइव्हमधून. हे ॲन्टिव्हायरस चोरीचं होतं."

मला वाटलं, गुरुजी आता मला बाहेर काढतील. काढलं असतं तर मी गेलो असतो. पण ते खाटेवर बसले आणि चष्मा काढून लेकीला म्हणाले, "भूत न्हाई, भूत न्हाई करत बसलो मी. माणूस असंल, हे माझ्या डोस्क्यातच आलं न्हाई. चुकलो, बाळा." प्रज्ञाच्या आई पदर तोंडाला लावून दारात उभ्या होत्या.

सोमवारी गुरुजी, प्रज्ञा आणि मी लातूरला गेलो ते सायबर पोलिसांकडं. मी माझा पेनड्राइव्ह दिला आणि जबाब लिहून दिला. मशीन त्यांनी तपासायला ठेवून घेतलं. तो माणूस कोण, कुठला, हे अजून कळलेलं नाही. प्रज्ञाला मी माझ्या दुकानातलं मशीन नेऊन दिलं, कॅमेरा न जोडता. त्यावर काय टाकलं, असं लोक विचारतात. काही नाही. कॉम्प्युटरसोबत येतो तो पहारेकरी चालू ठेवला आणि अपडेट रोज होतंय ना, ते तिला बघायला शिकवलं. घरच्या वापराला बहुतेकदा तेवढं पुरतं. विकतच घ्यायचं तर बिल आणि लायसन घेऊन घ्यावं. खूण हिरवी आहे का ते बघू नये, शेवटचं अपडेट कधी झालं ते बघावं.

मुख्य परीक्षा तिनं दिली. निकाल यायचा आहे.

पण लातूरहून परतताना एसटीत ती मला म्हणाली, "काका, ते अजून कुणाकुणाच्या घरी टाकलंय तुम्ही?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. नांदेड, लोहा, नायगाव, उदगीर. शिक्षक, डॉक्टर, दुकानदार, कुणाकुणाच्या पोरी. दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं खाली घेतलं आणि फोन लावायला बसलो. बहुतेक जण हसले. "हिरवंच हाय की," म्हणाले. मी सांगितलं, नेटची वायर काढा, मी येतोय.

नायगावच्या एका घरी आजीबाईंनी फोन घेतला. मी विचारलं, कॉम्प्युटरला काही त्रास? त्या म्हणाल्या, "तरास काई न्हाई. आमची सून म्हणायची, मागच्या खोलीत कुणी बघतंय. लई येळा म्हणली. आमी रागावलो, तवापसनं गप हाय. आता त्या खोलीत जातच न्हाई ती."

"ती आहे का घरात?" मी विचारलं. "तिला फोन द्या."

हल्ली गिऱ्हाईक विचारतं, घरच्या कॉम्प्युटरला कुठलं ॲन्टिव्हायरस टाकू. मी आधी विचारतो, मशीनबद्दल घरात कुणी काही सांगून बघितलंय का, आणि तुम्ही त्याला काय म्हणालात.