मेव्हण्याची हाटेलं

भोर-वेल्ह्यात आमच्या मेव्हण्याइतकी हाटेलं कुणी बघितली नसतील, आणि त्याच्याइतकं कमी कुणी हाटेलात खाल्लं नसंल. उत्रोलीहून टेम्पोत तांदूळ भरायचा आणि पानशेतच्या अंगाला पुण्याच्या लोकांसाठी जी हाटेलं झालीत तिथं पोचवायचा, हे त्याचं काम. पोती मागच्या दारानं आत जायची आणि पोत्यांमागोमाग हा. भटारखान्यातनं थेट हॉलमधी. एक चहा घेऊन कोपऱ्यात बसायचा. बाकीची लोकं ताटात बघतात, हा छतात बघायचा. एकदा एका नव्या हाटेलात छत नीट दिसंना म्हणून फरशीवर उताणा झोपला. मॅनेजरला वाटलं, म्हाताऱ्याला फेफरं आलं. एकानं नाकाला चप्पल लावली, दुसरा कांदा फोडून घेऊन आला. ह्यानं चप्पल हातानं बाजूला केली आणि विचारलं, "ते वरचं बांबूचं काम कुणाकडनं करून घेतलं?"

नुसतं बघून गप बसला असता तर मी त्याला शहाणा म्हणलो असतो. पण हाटेलात बघितलं ते घरात करायचं, असा त्याला नाद. कुठंतरी दिव्यांवर टोपल्या उलट्या टांगल्याल्या दिसल्या, तर ह्यानं कोंबड्या झाकायची डालगी धुतली आणि सोप्यातल्या दिव्यांवर टांगली. कोंबड्या आपलं घर वर कसं गेलं म्हणून माना वाकड्या करून बघत फिरायच्या. दिवा लावला की डालग्याची जाळी बसलेल्यांच्या तोंडावर पडायची. पाव्हणे चहा पीत असायचे आणि एकेकाचं तोंड फाशात घावल्यासारखं दिसायचं. मग मधलं घर अरुंद म्हणून त्यानं समोरासमोर दोन मोठे आरसे लावले, तेबी हाटेलात बघूनच. घर मोठं दिसायला लागलं, पण इतकं की त्याला शेवटच राहिला नाही. माझी बायको म्हणजे त्याची थोरली बहीण. ती माहेरी गेली की त्या आरशांमधनं डोळ्यांवर पदर घेऊन जायची. मला म्हणायची, "सगळ्यात लांब जी दिसती ना, ती मी न्हाई. मी फुडं गेले तरी ती उभीच असती." मी तिला वेडी म्हणलो.

पण कहर केला तो फोटोंनी. गावाकडचं वातावरण पायजे म्हणून एका हाटेलानं भिंतभर जुने फोटो लावले होते. फेटेवाले, नऊवारीतल्या बाया, काठी धरून बसलेले म्हातारे. जुन्या बाजारातनं आणलेले, कुणाचे कोण ते मालकालाबी ठाऊक नाही. ह्यानंबी तसलेच आणून सोप्याची भिंत भरली. आता आमच्याकडं भिंतीवर फोटो लागतो तो मेलेल्या माणसाचा, आणि तोबी घरातल्या. त्याच्या बायकोपुढं पेच पडला, की पितरांच्या पंधरवड्यात ह्या सगळ्यांना जेवाय घालायचं का? नाव नाही, गाव नाही, तिथी माहीत नाही. शेवटी सर्वपित्रीला तिनं सगळ्यांच्या नावानं पान वाढलं. म्हणाली, आपणच आणून बसवलंय, उपाशी कसं ठेवायचं. तवापासनं त्या सोप्यात दुपारचं एकटं बसवत नाही. आधी ती माणसं नुसती बघायची. जेवल्यापासनं वळखीनं बघायला लागली.

मग पारसाली माझी बायको गेली. तिचा एक धड फोटो नव्हता. आधार कार्डावरनं भोरच्या फोटोवाल्यानं मोठा करून दिला, तर त्यानं तिला जन्मात नेसली नाही असला शालू चढवला आणि मागं बर्फाचे डोंगर लावले. डोळे असे, की कुणी हाक मारली आणि तिला ती नको होती. ती बाई मी फडक्यात गुंडाळून ठेवून दिली. इकडं खरी बाई रोज थोडी थोडी पुसत चालली. आवाज आठवायचा, हात आठवायचे. तोंड आठवाय गेलं की तिथं नुसता पदर दिसायचा. असलं कुणाला सांगायचं? मेव्हण्याला सांगितलं. तो छताकडं बघत बसला.

एकदा भर दुपारी त्याचा टेम्पो दारात येऊन थांबला. खाली न उतरताच म्हणला, "दाजी, आक्का हाटेलात हाय."

मला वाटलं, ह्याचं आता संपलं. पण तोंड बघून मी गप टेम्पोत बसलो.

पानशेतच्या अलीकडचं हाटेल. जेवणं उरकलेली, हॉल रिकामा, दिवे मंद. समोरची सगळी भिंत म्हणजे एकच फोटो. चिखलात भात लावणाऱ्या बाया, सगळ्या वाकलेल्या, आणि मधली एक मान वर करून हसणारी. आक्का. अंगाएवढी. राजगडाला निघालेल्या कुणी वाटेवरनं काढला असणार. वावर आमचं, बांधावरचं उंबराचं झाड आमचं. ते वावर धरणात जाऊन कैक वर्षं झाली, वर पाणी हाय, आणि ही तिथं उभी राहून हसत होती. कुणाकडं बघून, ते मला सांगता येणार नाही. वाऱ्यानं वरचा दिवा हलला की तिच्या ओठांवरची सावली हलायची. मी पायातल्या चपला काढल्या.

मेव्हण्यानं मोबाईलमधी तिला घेतलं, पण त्यात ती नखाएवढी, आणि मोठी करावी तर नुसते ठिपके. फोटो भिंतीला चिकटवल्याला, काढायला गेलं तर चिंध्या होणार. मी म्हणलो राहू द्या, आपण येऊन बघत जाऊ. पण ह्याचा जीव राहीना. पुढच्या खेपेला त्यानं भोरहून झेंडूचा हार नेला, खुर्चीवर चढून तिच्या गळ्याशी अडकवला आणि कपाळाला कुंकू लावलं. झालं, त्या टेबलाला माणूस बसंना. एका बाईनं तर ताट अर्धं टाकलं. मालक म्हणला, उद्याच ती भिंत खरवडून रंग मारा.

मेव्हणा माझ्याकडं आला तो रडवेला. "त्यांना म्हणलं, माझी बहीण हाय वो ती. तर म्हणत्यात, तवा तर मुळीच नको."

मी त्याच टेम्पोतनं गेलो. मालकाला म्हणलो, ही कुणाची कुणी नाही, आमच्या पाव्हण्यांना जरा नाद हाय, हार मी काढतो, भिंत तेवढी राहू द्या. तो म्हणला, काढा, मग बघू.

मेव्हणा खालनं खुर्ची धरून उभा होता. म्हणला, "ऱ्हाऊ द्या की दाजी. कुणाची तरी हाय, येवढं तरी कळंल लोकास्नी."

"कळून काय करायचंय, पाव्हणं. लोकं जेवायला येत्यात."

हार काढला. ती सवाष्ण गेली, तिचं कुंकू पुसायची वेळ कुणावर यायला नको होती. ते मी टावेलानं पुसलं. थोडा लाल डाग राहिला, तो कातडीच्या रंगात मिसळून गेला.

आम्ही बाजूला बसलो. जरा वेळानं पुण्याचं एक जोडपं आलं, नवं लग्न झाल्यालं दिसत होतं. नेमकं त्याच टेबलाला बसलं. मेव्हण्यानं माझा हात धरला. पोरगी उठून माझ्याकडं आली आणि मोबाईल पुढं करून म्हणाली, "बाबा, आमचा एक फोटो काढता का? मागची भिंत येऊ द्या."

मेव्हण्यानं कुठं दाबायचं ते दाखवलं. मोबाईल त्यानं खालनं धरून ठेवला. मी दाबलं. तिघंबी नीट आली.