गाडीत बिघाड नव्हता

मी चौथीपर्यंत शिकले. गाडी चालवायला कधी शिकले नाही. तरी गाडी बिघडली की ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं काम माझं. आमचे हे बॉनेट उघडून आत डोकं घालायचे आणि तिथूनच सांगायचे, "मार." मी किल्ली फिरवायची. "बंद." मी बंद करायची. गाडी घरात आली तेव्हापासून हे असंच चालत आलं.

हे कारखान्यात फिटर होते, गाड्यांचे मेकॅनिक नव्हते. आम्ही कसबा पेठेत दोन खोल्यांत राहत होतो. तिथल्या बोळात सायकल उभी केली तरी शेजारी बोलायचे. ह्यांनी जुनी गाडी घेतली आणि मग ती ठेवायला जागा हवी म्हणून बिबवेवाडीत घर घेतलं. लोक मुलांच्या शाळेसाठी घर बदलतात, आम्ही गाडीसाठी बदललं. माझी नणंद पहिल्यांदा भेटायला आली तेव्हा तिने विचारलं, "वहिनी, गाडीला इथली हवा मानवली का?"

गाडी गॅरेजला द्यायची नाही, हा ह्यांचा नियम होता. बॅटरीच्या टोकांवर पांढरं-हिरवं साचलं की मी वरून गरम पाणी आणायचं. हे ते ओतायचे, दात घासायच्या जुन्या ब्रशने घासायचे आणि वरून ग्रीस लावायचे. पट्टा किंचाळायला लागला की ताणून घ्यायचे. प्लग काळे झाले की काढून, घासून परत बसवायचे. काहीही असलं तरी हात शेवटी लावायचा. आधी ऐकायचं, मग वास घ्यायचा. इतकी वर्षं त्या सीटवर बसून मलाही ऐकायची सवय लागली. किल्ली अर्धी फिरवली की मागच्या सीटखालून घूं असा बारीक आवाज येतो. तो पेट्रोलच्या पंपाचा. तो आला की मग पुढचं, हे मला माहीत होतं.

सोसायटीतली मुलं आपापल्या गाड्या ह्यांना दाखवायला आणायची. एका दसऱ्याला एकाने पूजा म्हणून खोबऱ्याचा तुकडा आणि अक्षता इंजिनवरच ठेवल्या आणि बॉनेट लावून टाकलं. दुसऱ्या दिवशी गाडी चालू होईना. उंदरांनी खोबरं खाल्लं होतं आणि त्याबरोबर वायरीही. ह्यांनी वायरी जोडून दिल्या आणि त्याला म्हणाले, "नैवेद्य देवाला दाखवायचा. उंदराची सोय गणपतीकडे आहे." तो मुलगा हसला. पुढच्या वर्षी त्याने परत अक्षता टाकल्याच.

मग ह्यांचं डोकं चालेनासं झालं. एकदम नाही. आधी चष्मा कुठे ठेवला ते आठवेना, ते सगळ्यांचंच होतं. मग एकच गोष्ट एका जेवणात तीनदा विचारू लागले. मी तिन्ही वेळा उत्तर दिलं, तिसऱ्यांदा जरा जोरात.

एका दुपारी हे चाकात हवा भरायला गेले. पेट्रोल पंप आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. बराच वेळ झाला तरी आले नाहीत. मग एका अनोळखी माणसाचा फोन आला. गाडी कात्रजच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी उभी होती. आमचा मुलगा रिक्षाने गेला. गाडी बाजूला नीट लावलेली, हँडब्रेक ओढलेला, इंडिकेटर चालू आणि हे आत बसलेले. ते मुलाला म्हणाले, रस्ते बदललेत. त्या माणसाने मुलाला बाजूला घेऊन आणखी सांगितलं. गाडी उलट्या बाजूने आली होती आणि स्कूटरवरून पोराला शाळेतून आणणारी एक बाई जेमतेम वाचली होती. ती पडली नाही, एवढंच.

डॉक्टर म्हणाले, गाडी बंद. हे डॉक्टरांसमोर मान हलवून आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली घेऊन खाली निघाले. मी आडवी उभी राहिले तर म्हणाले, "डॉक्टरला गाडीतलं काय कळतं?"

किल्ली लपवली की घर डोक्यावर घ्यायचे. गाडी विकू म्हटलं की दिवसभर बोलायचे नाहीत. शेवटी मुलाने तोड काढली. पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज म्हणजे नखाएवढी प्लास्टिकची चीज. ती काढली की गाडी गुरगुरते, पण चालू होत नाही. मुलगा म्हणाला, "आई, बाबांना वाटेल बिघाड आहे. बसतील खटपट करत. त्यांचाही वेळ जाईल." मी त्या स्कूटरवरच्या पोराचा विचार केला आणि हो म्हटलं. त्यात मला आजही चूक वाटत नाही. गाडी बंद व्हायलाच हवी होती.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी चहा झाला की आम्ही खाली पार्किंगमध्ये. मी सीटवर, हे बॉनेटमध्ये. "मार." मी किल्ली फिरवायची. मागच्या सीटखाली घूं होत नव्हतं. मला ते पहिल्या दिवशीच जाणवलं, आणि माहीतही होतं. ह्यांच्या ध्यानात आलं नाही. पूर्वी त्यांनी आधी तोच आवाज शोधला असता, आणि तो नाही म्हटल्यावर सरळ फ्यूजच्या डबीला हात घातला असता. आता ते प्लग काढायचे, पुसायचे, घट्ट करायचे. "मार." नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच प्लग. काल काढले होते हे आठवत नव्हतं, पण गाडी चालू होत नाही हे मात्र पक्कं आठवत होतं. विसरायचं ते विसरत नव्हते.

बॅटरी उतरली की ती वर आणून गॅलरीत चार्जरला लावायचे. ते त्यांना बरोबर जमायचं. लाल वायर कुठे, काळी कुठे, एकदाही चुकले नाहीत. मग संध्याकाळभर त्या बॅटरीशेजारी खुर्ची टाकून बसायचे.

मुलाला वाटलं होतं, कंटाळून सोडून देतील. ते कंटाळले नाहीत, खंगले. जेवण अर्ध्यावर आलं. सोसायटीतल्या कुणीतरी हॉर्न वाजत नाही म्हणून विचारायला आलं तर त्याला म्हणाले, गॅरेजला दे. त्यांच्या तोंडून मी तो शब्द कधी ऐकला नव्हता. मी मुलाला सांगितलं, हे बरोबर चाललेलं नाही. तो म्हणाला, मग काय, परत चालवू द्यायची? त्याचंही खरं होतं. मी रोज सकाळी खाली जाऊन, चालू न होणाऱ्या गाडीची किल्ली फिरवत राहिले.

नवरात्र संपत आलं. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. पाटावर पाने, पक्कड, हातोडी, स्क्रूड्रायव्हर, सगळं पुसून, तेलाचं बोट लावून मांडायचं. ते हे स्वतः मांडायचे. मला हात लावू द्यायचे नाहीत, मी लहान-मोठं उलटसुलट लावते म्हणून. त्या सकाळी मी पाट धुऊन ठेवला, फुलं ठेवली, रांगोळी घातली. हे खुर्चीतून उठले नाहीत. मी म्हटलं, हत्यारं काढा.

"यंदा नको," हे म्हणाले. "ज्याला काम येतं त्याने पूजा करावी. मला येत नाही आता."

मी पाट उचलून ठेवला. झेंडूची फुलं देवापुढे वाहिली. स्वयंपाक केला, वाढला, भांडी आवरली. मग मुलाच्या खोलीत गेले आणि फ्यूज मागितला. तो म्हणाला, "आई, उद्या कुणाला धडकले तर?" मी म्हटलं, मी शेजारी बसेन. तो म्हणाला, तू शेजारी बसून काय करणार आहेस? ते मलाही माहीत नव्हतं. पण फ्यूज घेतल्याशिवाय मी तिथून हलले नाही.

दसऱ्याच्या सकाळी सगळ्या सोसायटीत गाड्या धुणं चाललं होतं. मी ह्यांना खाली नेलं. ते सवयीने बॉनेट उघडायला लागले. मी थांबवलं.

"अहो, गाडीत बिघाड नाही. फ्यूज आम्ही काढला होता." मी तो त्यांच्या हातावर ठेवला.

त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "कुणी काढला?"

"मुलाने. मी हो म्हटलं."

"का?"

"तुम्ही कात्रजला रस्ता चुकलात. एका बाईला आणि तिच्या पोराला उडवणार होतात. तुम्ही गाडी चालवू नये म्हणून काढला."

शेजारच्या गाडीवर कुणीतरी पाणी मारत होतं, ते आमच्या पायांशी आलं. मग हे म्हणाले, "मला वाटलं, माझं डोकं गेलं."

"थोडं गेलंय," मी म्हटलं. "पण गाडी त्यामुळे बंद नव्हती."

हे पुरतं खरं नव्हतं. डोकं जागेवर असतं तर त्यांनी तो फ्यूज पहिल्याच सकाळी शोधला असता. ते मी सांगितलं नाही. तेवढं सांगायची गरज नव्हती.

त्यांनी बॉनेट उघडून फ्यूज बसवला. डबी कुठे आहे ते मला बोट करून दाखवावं लागलं. मी सीटवर बसले. "मार." मागून घूं झालं आणि गाडी चालू झाली. हे उघड्या बॉनेटखाली हात टेकून ऐकत उभे राहिले. मग बॉनेट लावलं, माझ्या दाराशी आले आणि म्हणाले, "सरक."

मी पलीकडे सरकले. मुलगा जिन्यातून धावत येताना दिसला. मी हाताने त्याला थांब म्हटलं. ह्यांनी गिअर टाकला, दोन खांबांमधून गाडी बाहेर काढली, कुठे घासली नाही. फाटकापर्यंत नेली. वॉचमनने फाटक उघडलं. ह्यांनी डावा इंडिकेटर लावला. बंद केला. उजवा लावला.

"अगं," ते म्हणाले, "उजवीकडे काय आहे?"

उजवीकडे दूधवाला आहे. ते रोज पायी जाऊन तिथून दूध आणायचे. मी उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर ते निघाले असते. मागे एक गाडी येऊन उभी राहिली, हार घातलेली, तिने हॉर्न दिला. ह्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. परत हॉर्न झाला. वॉचमन फाटक धरून उभा होता आणि आमच्याकडे बघत होता.

ह्यांनी इंडिकेटर बंद केला. गाडी बंद केली. हँडब्रेक ओढला आणि खाली उतरले. मुलगा धापा टाकत जवळ आला होता. त्याला म्हणाले, "तू घे मागे. मला मागचं नीट दिसत नाही हल्ली. ह्यापुढे तूच चालव."

मागचं त्यांना चांगलं दिसत होतं. गेल्याच महिन्यात डोळे तपासून आणले होते. मुलाने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. तो आत बसला. हारवाल्या गाडीने मागे सरून वाट दिली. हे मागे उभे राहून हाताने दाखवत राहिले, येऊ दे, येऊ दे, थांब. तो थांबला नाही. खांबाला दाराची कड घासली.

मुलगा उतरून बघायला लागला आणि त्याचं तोंड उतरलं. हे वाकले, ओरखड्यावरून अंगठा फिरवला, नखाने टोकरून पाहिलं.

"रंग गेला नाहीये," ते म्हणाले. "पॉलिशने निघेल. उद्या बघू."