ओंजळीतलं पाणी

आमच्या खनिज तेलाच्या डेपोतल्या मोठ्या टाकीचं छत तेलावरच तरंगतं. त्यावर साचलेलं पावसाचं पाणी तेलातून जाणाऱ्या एका पाइपाने खाली उतरतं आणि पुढे ओढ्याला मिळतं. व्हॉल्व जरासा उघडून पहिलं पाणी ओंजळीत घ्यायचं आणि हुंगायचं. तेलाचा वास आला, तर आत पाइप गळतोय; मग व्हॉल्व लगेच बंद करायचा, नाहीतर तेल ओढ्यात. हे मला गणपतरावांनीच शिकवलं.

काल त्यांनी भरलेली ओंजळ माझ्यापुढे धरली. "बघा हो, वास येतोय का."

"तुम्हाला नाही येत?"

"परवा घरी दूध करपलं, ते शेजारणीने येऊन सांगितलं."

माणसाचं नाक काही एका दिवसात जात नसणार. टाकीच्या भिंतीला तेलातलं मेण धरतं, तसं ते आतून थोडं थोडं लिंपलं जात असेल. मेण खरवडायला छताच्या कडेला पाती तरी आहेत. छत उतरताना ती भिंत घासत जातात. तरी पातळ थर राहतोच.

मी वाकून हुंगलं. पाणी गार होतं, नितळ होतं, आणि वास नव्हता. मग आठवलं, सकाळीच बायको म्हणाली होती की धुतलेल्या शर्टालाही तेलाचा वास मारतोय. मी शर्ट नाकाशी धरला होता आणि तुला उगीच भास होतोय, असं तिला म्हणालो होतो.

"नाही येत," मी म्हणालो.

गणपतरावांनी मान हलवली आणि व्हॉल्व पूर्ण उघडला.