पाहुण्याची टॉवेल-टोपी

जळगावच्या आमच्या घरात कपाटाचा एक अख्खा कप्पा टॉवेलांनी भरला आहे. घडी न मोडलेले, आणि प्रत्येकावर एक पांढरी टोपी. टोपी घालणारं आमच्याकडे कोणी नाही. हे सगळं माझ्या आईनं माझ्या जोडीदाराला दिलेलं. तो तिच्याकडे गेला की निघताना कपाळाला टिळा लावून, मानानं. कुणालाही वाटेल, काय नशीबवान माणूस आहे. मला मात्र तो कप्पा उघडला की चिडचिड व्हायची.

मी धुळ्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. अभ्यासाचा विषय आजारपण: माणसं दवाखान्यात कधी जातात, कधी टाळतात, टाळल्यामुळे घराचं काय होतं. त्यातही आमच्यासारख्यांचं आजारपण. समलिंगी, तृतीयपंथी, ज्यांच्या नात्याला सरकारी कागदावर रकाना नाही अशा सगळ्यांचं. "यात अर्थशास्त्र कुठं आलं?" असं मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात. मी म्हणतो, अंगावर काढलेल्या दुखण्याइतकं महाग काहीच नसतं. भुसावळ, धुळे, चोपडा, कुठंही बसून बोला, गाडी एकाच जागी येऊन थांबते. वॉर्डाच्या दारात कुणीतरी विचारतं, "पेशंटचे कोण तुम्ही?" त्या प्रश्नाला उत्तर नसतं म्हणून माणसं घरीच कण्हत पडतात. हे काम मला आवडतं. एसटीच्या खिडकीशी बसून, मांडीवर मुलाखतींचे कागद घेऊन कापसाची शेतं बघत जायला मिळतं, याहून चांगली नोकरी मला तरी ठाऊक नाही.

आई सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावी राहते. जोडीदार भुसावळला रेल्वेत आहे. सुरुवातीला तो माझा मित्र म्हणून तिच्याकडे यायचा, स्वयंपाकघरात बसून शेंगा सोलायचा, तिला अक्का म्हणायचा, तिच्याशी गप्पा छाटायचा. मग एका दिवाळीत मी तिला सरळ सांगितलं, की हा नुसता मित्र नाही, आम्ही दोघं आयुष्य एकत्र काढणार आहोत. तिनं हातातलं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. म्हणाली, "जेवाले बसा." त्या दिवशी त्याच्यासाठी पाट मांडला गेला, आणि निघताना पहिली टॉवेल-टोपी आली.

आमच्याकडे नको असलेल्या माणसाला हाकलत नाहीत, त्याचा पाहुणा करतात. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असं म्हणतात. आमचा पाहुणा वर्षानुवर्षं पाहुणाच राहिला. शेंगांना हात लावला की आई म्हणायची, "राहू द्या भाऊ, तुम्ही बसा." तुपाची धार थांबायची नाही. तो मजेत जेवायचा आणि परतताना माझी समजूत काढायचा. मला वाटायचं, हिनं एकदा तरी त्याच्यावर ओरडावं.

त्याच सुमाराला धुळ्यात एका बैठकीत, आरोग्याच्या पाहणीत कुटुंब कुणाला म्हणायचं यावर बोलणं चाललं होतं. मी हिरिरीनं मांडलं: रक्त आणि लग्न बाजूला ठेवा, एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. तिथले एक वयस्कर अधिकारी, ज्यांना सगळे नाना म्हणत, शांतपणे म्हणाले, "सर, पाहुणाही आपल्याच चुलीवरचं जेवतो. त्यालाही धरायचं का?" सगळे हसले. मीही हसलो, पण मला ते फार लागलं.

पावसाळ्यात आईला तापानं गाठलं. जळगावच्या एका दवाखान्यात ठेवावं लागलं. मी परीक्षांमुळे धुळ्यात अडकलेलो, म्हणून माझा जोडीदारच तिला घेऊन गेला. वॉर्डाच्या दारात सिस्टरनं तो ठरलेला प्रश्न विचारला, "आजीचे कोण तुम्ही?" आई खाटेवरून ऐकत होती. हा म्हणाला, "पाहुणा."

"मग भेटायच्या वेळेला या," सिस्टर म्हणाली.

संध्याकाळी मी पोचलो तेव्हा हा बाहेरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसला होता. आत आईला पाणी द्यायला दिवसभर कोणी नव्हतं. मी "मुलगा" म्हणालो आणि दोन पावलांत आत गेलो. नंतर त्याच्यावर भडकलो. भाचा सांगायचं, पुतण्या सांगायचं, इतकं कसं सुचलं नाही? तो म्हणाला, "अक्का ऐकत होत्या. त्यांनी मला जे केलंय तेच सांगितलं. त्यांच्यासमोर खोटं कसं बोलू?" आई मात्र दाराकडे सारखी बघत होती.

हिवाळ्यात चोपड्याला मुलाखती होत्या. त्या लवकर आटोपल्या, हा मोटारसायकलवर सोबत होताच, म्हणून न कळवता गावी गेलो. आई अंगणात उन्हाला बसून गुडघ्यांना तेल चोळत होती. आता ही धावपळ करणार, पाट मांडणार, म्हणून मी आधीच वैतागलो. ती उठलीच नाही. त्याच्याकडे बघून म्हणाली, "रातनी भाकर उरेल शे. टोपलामा देख. दोन्ही जन खाई ल्या, ताजी मंग टाकसु."

मी जागीच उभा राहिलो. आमच्या गावात पाहुण्याला रात्रीची भाकरी देत नाहीत. शत्रू दारात आला तरी त्याला ताजी टाकून देतात. शिळी खातात ती घरची माणसं. हा आत गेला, टोपलं घेऊन आला, उंबऱ्यावरच बसला आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची ती कडक भाकरी चटणी-कांद्याशी खाऊ लागला. मीही शेजारी टेकून अर्धी मोडून घेतली. इतका आनंद मला पीएचडी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

पुढच्या बैठकीत मी म्हणालो, चूल राहू द्या, शिळी भाकरी कोण खातं ते विचारा. नाना म्हणाले, "बरोबर आहे सर. जावयाला आम्ही आजवर दिलेली नाही." पाहणीत तो प्रश्न येईल की नाही, सांगता येत नाही. बोलणी चालू आहेत.

गावाहून त्या दिवशी निघताना मात्र मला पुन्हा धास्ती वाटू लागली. आई आत गेली आणि कपाटाचं दार वाजलं. झालं, म्हटलं, आली टॉवेल-टोपी. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात बीपीच्या गोळ्यांची रिकामी पट्टी होती. आजवर तिनं आपण होऊन आपलं दुखणं त्याच्यासमोर कधी काढलं नव्हतं. पुढच्या खेपेला नव्या गोळ्या आणायला म्हणून ती पट्टी तिनं त्याच्या हातात दिली.

"गोया सरी ग्यात. येशी तव्हय लई येजो," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हाऊ भुली जास."