थोरल्या मामाची बंधुमंडळं

थोरल्या मामाच्या दाराला साखळी आहे, भोक आहे आणि त्या भोकाला आतून झाकण आहे. दार वाजलं की झाकण सरकतं, मामाचा एक डोळा दिसतो आणि प्रश्न येतो, "कोणी पाठवलं?" दूधवाल्याला हाच प्रश्न आणि मला, सख्ख्या भाचीलाही हाच. एकदा मी वैतागून म्हटलं, आईनं डबा पाठवलाय, तर मला डबा उघडून भोकासमोर धरावा लागला.

मामा बाईंडर. खालच्या खोलीत खळीचं पातेलं, सुया, दोऱ्याची रिळं आणि पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस. वरच्या खोलीत त्याचा छंद, म्हणजे जुनी चित्रांची पोस्टकार्डं, तीही फक्त बंधुमंडळांच्या इमारतींची. या मंडळांचे सभासद एकमेकांना बंधू म्हणायचे आणि परवलीचा शब्द सांगितल्याशिवाय कुणाला आत घ्यायचे नाहीत. मामाला ते फार पटायचं. भिंग घेऊन तो एकेक खिडकी तपासायचा. ही खिडकी नुसती रंगवलेली आहे, म्हणायचा, आत नक्की काहीतरी काळंबेरं असणार.

आणि जगभरच्या बंधूंची घरं जमवणारा हा माणूस स्वतःच्या भावाचं नाव घरात काढू देत नव्हता. आजोबांकडे असंच एक कार्ड होतं, या सगळ्या नादाचं मूळ. वाटण्यांच्या वेळी ते सापडेना. धाकट्यानंच लांबवलं, असं मामा सगळ्यांसमोर म्हणाला. धाकटा मामा चपला घालून निघून गेला. पुढं ते कार्ड मामाच्याच प्रेसच्या फळीखाली निघालं. मामानं ते पुसलं, वर नेऊन ठेवलं आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. मला या गोष्टीचा अजून राग येतो.

चौकातला जुन्या सामानाचा दुकानदार मामासाठी कार्डांची पुडकी राखून ठेवायचा. गंमत अशी, की मामाकडे नसलेलीच कार्डं त्यात असायची. दुसरा कुणी खूश झाला असता. मामाची झोप उडाली. माझ्याकडे काय नाही, हे त्याला कसं कळतं? कुठंतरी पाणी मुरतंय. त्यानं वरच्या खोलीला कुलूप घातलं, मामीला आडून आडून विचारलं, माझ्या पिशवीत डोकावून पाहिलं. पुडकं आलं की मात्र कात्रीनं दोरा कापून आधी खिडक्या मोजायला बसायचा.

त्या दिवशी कात्री मामीनं कापड बेतायला घेतली होती. मामा नखानं गाठ सोडवू लागला आणि मधेच थांबला. गाठ उलटी होती. डावखुऱ्या आजोबांनी दोन्ही मुलांना बाईंडिंगची गाठ शिकवली ती तशीच, डाव्या हाताची. तशी गाठ मारणारे आता दोघंच उरले होते.

"माझ्याकडे काय नाही, हे त्याला कोण सांगतं?" मामानं विचारलं.

"मी," मामी कापडावरून मान वर न करता म्हणाली. "इतक्या वर्षांत तुमचा हा एवढाच संशय खरा निघाला."

धाकटा मामा लांबच्या गाडीवर ड्रायव्हर. गाडी थांबेल त्या गावी तो जुनी दुकानं धुंडाळायचा. मिळालेली कार्डं बांधून तो चौकातल्या दुकानदाराकडे द्यायचा. त्याला त्यानं बजावून ठेवलं होतं, की माझं नाव काढू नकोस, नाहीतर तो घेणार नाही.

मामा खाली जाऊन प्रेसपाशी बसला. त्याला माझ्याकडून काहीतरी हवं असणार, असं एकदा पुटपुटला, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता. मग त्यानं आजोबांचं कार्ड कागदात गुंडाळलं, वर तीच गाठ मारली आणि मला म्हणाला, चल.

धाकट्या मामाचं घर मला पाठ होतं, पण त्याच्या दाराला भोक आहे हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मला तो पावलांवरूनच ओळखायचा. मामानं दार वाजवलं. आतलं झाकण सरकलं. एक डोळा बराच वेळ आमच्याकडे बघत राहिला.

"कोणी पाठवलं?" आतून आवाज आला.

मामानं पुडकं भोकासमोर धरलं, गाठ पुढं करून.

"कुणी नाही," तो म्हणाला. "माझा मीच आलोय."

आतली साखळी निघायला वेळ लागला. मामा पुडकं तसंच धरून उभा राहिला.